सूर्यावरील डाग, दुष्काळ आणि योगायोग

बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे कोडाईकनाल वेधशाळेत १९०४ पासून घेतलेल्या सूर्याच्या छायाचित्रांचा मोठा ठेवा आहे. १८९९ साली सुरू झालेल्या या वेधशाळेमागे निव्वळ ज्ञानाची हौस नव्हती. तिच्यामागे दुष्काळाची भीती होती.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दक्षिण उजाड झाली. म्हैसूर संस्थानची लोकसंख्या १८७१ साली सुमारे ५० लाख होती, ती १८८१ साली सुमारे ४२ लाखांवर आली. आपल्या सोलापूर-कलादगीकडेही हाच हाहाकार होता. अशा वेळी १८७७ साली हंटर यांनी मद्रासच्या पावसाचे आकडे मांडून दाखविले की, सूर्यावरील डाग कमी होतात त्या सुमारास पाऊसही ओसरतो. डागांचे अकरा वर्षांचे आवर्तन तर श्वाबे यांच्या १८४३ च्या शोधापासून ठाऊक होते. मग दुष्काळाची आगाऊ वर्दी मिळेल आणि कोठारे वेळीच भरता येतील, अशी आशा वाटणे स्वाभाविकच होते.

परंतु हाती असलेल्या आकड्यांत डागांची आवर्तने जेमतेम पाच-सहाच होती. इतक्या थोड्या पुराव्यात योगायोगही नियमाचे सोंग घेतो. १८९८ साली शूस्टर यांनी आवर्तने पारखण्याची गणिती रीत दिली. १९०४ पासून भारतातील वेधशाळांचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी १९१४ साली तिच्यातील मर्म उघड केले. एखादे आवर्तन केवळ योगायोगाने ठळक दिसण्याचा संभव वीसात एक असेल, तर एकच कालावधी तपासणाऱ्याने त्याची दखल घ्यावी. पण वीस निरनिराळे कालावधी तपासून त्यांतील सर्वांत ठळक तेवढा निवडला, तर निदान एक तरी फसवे आवर्तन सापडण्याचा संभव शेकडा चौसष्ट होतो! पुढे वॉकर यांनी डाग व पाऊस यांचा संबंध तपासला, तेव्हा दुष्काळाचे भाकित ज्यावर उभारावे असे बळ त्यांस त्यात आढळले नाही.

डागांचे आवर्तन खरेच आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेधांवर ते टिकले. पावसावरचा त्याचा अंमल मात्र त्या कसोटीस उतरला नाही. आज ताऱ्यांच्या प्रकाशात संगणक हजारो कालावधी क्षणात चाळतो. म्हणूनच वॉकर यांचा इशारा अधिकच मोलाचा ठरतो.

आम्हां कचेरीत तक्ते हाताळणाऱ्यांनाही यातून एक धडा घेण्याजोगा आहे: काय सापडले हे सांगताना किती ठिकाणी शोधले हेही नमूद करावे. तेवढे लपविले, की खरा आकडाही खोटी साक्ष देतो.