घोडा नाही, तर घोड्याचं चित्र

क्योतोच्या उत्तरेला डोंगरात किफुने नावाचं शिंतो देवस्थान आहे. देव पाण्याचा. दोन्ही बाजूंना लाल कंदील आणि मधून दगडी पायऱ्या. वर पोचल्यावर आधी हात धुवायचे. लांब दांड्याच्या पळीनं पहिल्यांदा डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ. शेवटी पळी उभी धरायची, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि पुढच्या माणसाच्या हाती ती धुतलेली जाते. मला ही शेवटची रीत फार आवडली. देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. शेजारी एक आजी करत होत्या तसं मी करत गेलो.

दर्शन झाल्यावर दोन घोड्यांचे पुतळे दिसले, एक काळा आणि एक पांढरा. जपानच्या देवळांत देवाकडचं मागणं लिहिलेल्या लाकडी पाट्या टांगलेल्या असतात, त्यांना ‘एमा’ म्हणतात. त्यांचं मूळ या घोड्यांत आहे.

‘ए’ म्हणजे चित्र, ‘मा’ म्हणजे घोडा. चित्रातला घोडा. आज त्या पाटीवर कोल्हा असतो, बैल असतो, फुलं असतात. घोडा असेलच असं नाही. नाव मात्र घोड्याचंच.

जुन्या समजुतीप्रमाणे घोडा हे देवाचं वाहन. भातशेतीचा देश, त्यामुळे दुष्काळ पडला किंवा पाऊस थांबेना की दरबारातून पाण्याच्या देवाला जिवंत घोडा जायचा. पाऊस हवा असेल तर काळा, भरलेल्या ढगांसारखा. उघडीप हवी असेल तर पांढरा. ‘शोकु निहोंगी’ या इतिहासग्रंथात ७६३ सालची नोंद आहे: अवर्षण पडलं म्हणून निउकावाकामी इथल्या देवाला काळा घोडा अर्पण केला. किफुनेलाही दरबाराचे असेच घोडे येत, आणि एमाची सुरुवात आपल्याकडेच झाली असं हे देवस्थान मानतं.

पण घोडा देणं राजाला परवडतं. ज्याच्याकडे बैलाचीही मारामार, त्यानं काय करावं? आणि आलेल्या घोड्यांचा दाणापाणी देवळालाही जडच. मग लाकडाचा घोडा, मातीचा घोडा, आणि सगळ्यात सोपा म्हणजे फळीवर रंगवलेला घोडा. फूल ना फुलाची पाकळी म्हणतो ना आपण, तेच. मात्र आधी खरा घोडा आणि मग चित्र, अशी सरळ रेघ ओढू नये असं मला वाटतं. ओसाकातल्या नानिवा राजवाड्याच्या जागी घोडा रंगवलेल्या पाट्या मिळाल्या आहेत, त्या सातव्या शतकातल्या, म्हणजे ७६३ च्या नोंदीहून जुन्या. खरे घोडे आणि चित्रातले घोडे बराच काळ जोडीनंच चालले असणार. लेखी शब्द सापडतो १०१२ साली: ओए नो मासाहिरा या पंडितानं क्योतोच्या कितानो देवळाला वाहिलेल्या वस्तूंच्या यादीत ‘एमा’ आहेत.

कितानोचा देव मुळात माणूस होता. सुगावारा नो मिचिझाने, विद्वान आणि कवी. ९०१ मध्ये त्याला हद्दपार केलं, ९०३ मध्ये तो गेला. आता तो विद्येचा देव. परीक्षेच्या दिवसांत त्याच्या आवारात पाट्यांचे थरावर थर चढतात, आणि वारा आला की सगळ्या एकमेकींवर खडखडतात. तिथे एक शाळकरी मुलगा गुडघ्यावर पाटी ठेवून लिहीत होता. पाटी तळहातापेक्षा जरा मोठी, कच्च्या लाकडाची, पंचकोनी. वरच्या दोन उतरत्या कडा म्हणजे पूर्वी पाटीवर असलेल्या छपराची खूण. त्यानं कॉलेजचं नाव लिहिलं, मग आपलं नाव, आणि दोऱ्यानं पाटी खिळ्याला अडकवली. लगेच गेला नाही. पाटी सरळ लटकते आहे ना, हे दोनदा पाहिलं.

एडो काळात तर लोकांनी देवाला गणितं वाहिली. वर्तुळात वर्तुळं, त्रिकोणात वर्तुळं अशी रंगीत भूमितीची कोडी फळ्यांवर काढून देवळात टांगायची. या फळ्यांना ‘सांगाकू’ म्हणतात. आज उरलेल्यांत सर्वांत जुनी १६८३ ची आहे. त्यांच्यावर सामुराईंची नावं आहेत, शेतकऱ्यांची आहेत, स्त्रियांची आणि मुलांचीही आहेत. सुटलेलं गणित देवापुढे ठेवावं असं ज्यांना वाटलं, त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पाट्या कायम राहत नाहीत. ठरावीक काळानं त्या उतरवतात आणि विधिपूर्वक अग्नीत देतात. खरे घोडेही अजून संपलेले नाहीत: इसे इथल्या मोठ्या शिंतो देवस्थानात देवाचे घोडे पाळलेले आहेत आणि महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला त्यांना दर्शनाला नेतात.

तुम्ही गेलात तर पाट्या जरूर पाहा, पण लोकांच्या नावांचे फोटो काढू नका. ती चिठ्ठी देवाला लिहिलेली असते. पाट्यांवर त्या त्या वर्षाचा प्राणीही काढतात, आणि बारा वर्षांनी घोड्याची पाळी येते. २०२६ हे घोड्याचं वर्ष, त्याआधीचं २०१४.