केरो : दोन नद्यांच्या संगमावरचे गाव



अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. या संगमावरच्या गावाला इजिप्तच्या राजधानीचे नाव दिलेले आहे. पण तिथले लोक त्याचा उच्चार ‘केरो’ असा करतात. शिरगणतीचे आकडे रुक्ष असतात, असं आपण म्हणतो. या गावाचे आकडे मात्र बखरीसारखे वाचावे लागतात.

१८५० साली इथली वस्ती होती अवघी २४२. पुढे रेल्वे आली, यादवी युद्ध आले. १८६१ साली जनरल ग्रँटने इथे आपला तळ ठोकला. गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णीय कुटुंबे आश्रयाला आली आणि त्यांतली बरीचशी इथेच राहिली. १८७० साली वस्ती ६,२६७ झाली आणि १९२० साली १५,२०३.

गाव जगत होते कशावर? तर दुसऱ्यांच्या थांबण्यावर! ओहायोवर पूल नव्हता, तोवर रेल्वेचे डबे नावेवर चढवून पलीकडे न्यावे लागत. साहजिकच वखारी, खानावळी, हमाली, सगळ्यांना बरकत होती. १८८९ साली रेल्वेचा पूल झाला. १९२९ आणि १९३८ साली मोटारींचे पूल झाले. १९७८ साली नवा महामार्ग तर गावाला वळसा घालूनच गेला. थांबण्याचे कारणच उरले नाही.

पण सगळा दोष पुलांवर घालून कसे चालेल? शेजारची गावे पाहा. मिसिसिपीवरील केप जिरार्डो गावाला महाविद्यालयाचा आधार होता; ओहायोवरील पडूकाजवळ १९५२ साली युरेनियमचा मोठा कारखाना सुरू झाला. २०२० साली पडूकाची वस्ती २७ हजारांवर होती. नदीचा व्यापार गेला, तरी दुसरा उद्योग मिळाला की गाव तगते.

केरोला तसा उद्योग लाभला नाही, आणि घरातले भांडण मात्र मिटले नाही. १९०९ साली इथे हजारोंच्या जमावाने एका कृष्णवर्णीयाचा जीव घेतला होता. १९६७ साली एक तरुण कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत मृत सापडला. आत्महत्या, असे अधिकारी म्हणाले, लोकांना ते पटले नाही. १९६९ साली कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. मागणी साधी होती: आम्ही तुमचे गिऱ्हाईक, तर आमच्या मुलांना नोकरी द्या. कित्येक दुकानदारांनी दुकानाला कुलूप लावले, पण नोकरी दिली नाही. पोहण्याचा सार्वजनिक तलावसुद्धा सर्वांना खुला करण्याऐवजी बंद केला आणि पुढे सिमेंटने बुजवला.

१९५० साली १२,१२३ असलेली वस्ती १९७० साली ६,२७७ झाली. बहिष्काराआधीच उतार लागला होता, हे खरे. पण उतारावरच्या गाडीला आवर घालायला गावातली सगळी माणसे एकत्र लागतात, आणि ती इथे कधी एकत्र आलीच नाहीत, असे मला वाटते. १९८६ साली रुग्णालय बंद झाले. २०१७ साली सरकारी चाळी मोडकळीस आल्या म्हणून शेकडो लोकांना घरे सोडावी लागली. गावात दुसरी घरे नव्हती, म्हणून पुष्कळांना गावही सोडावे लागले.

२०२० च्या शिरगणतीत उरले १,७३३ लोक. त्यांत दहांतले सुमारे सात कृष्णवर्णीय. नद्यांवरून मालाचे तराफे आजही जातात. पंधरा हजारांच्या गावाला पुरापासून राखण्यासाठी घातलेले उंच बांधही उभे आहेत. त्यांच्या आत ही एवढीच माणसे राहतात.