शिकाऱ्याची बंदूक, हाकेकऱ्याचे हात

शिकारकथा वाचणाऱ्याला एक गोष्ट हटकून आढळते. शिकारी वाघाविषयी जितक्या जिव्हाळ्याने लिहितो, तितक्याच जिव्हाळ्याने तो आपल्या बंदुकीविषयी लिहितो. ती कोणी दिली, कोणत्या कारखान्यात घडली, कोणते काडतूस तिला मानवते, हे सारे त्याला तोंडपाठ असते. एक जड गोळीचा अभिमानी, तर दुसरा हलक्या गोळीचा. त्यांचा वाद पिढ्यान् पिढ्या चालतो. या आवडीनिवडींकडे आपल्याकडे केवळ छंद म्हणून पाहिले जाते. परंतु माणसाचा जीव ज्या वस्तूवर जडतो, ती वस्तू आधी त्याच्या हाती यावी लागते. ती हाती धरण्याचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हा प्रश्न विचारला की छंदाची गोष्ट संपते आणि समाजाचा इतिहास सुरू होतो.

जिम कॉर्बेट यांचेच उदाहरण घेऊ. १८७५ साली नैनितालला जन्मलेल्या या मुलाच्या हाती शाळकरी वयातच एक ठासणीची दुनळी बंदूक आली. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला होता. तरीही त्या बंदुकीच्या मालकीचा आनंद त्यांनी म्हातारपणी भरभरून लिहिला. पुढे त्यांना शाळेच्या कॅडेट पथकाची .४५० मार्टिनी रायफल वापरायला मिळाली आणि तिने त्यांनी पहिला बिबट्या मारला. यातला आनंद खराच आहे, त्याची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. पण याच काळात, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्रास्त्र कायदा केला. त्यानुसार हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले आणि युरोपियनांना सूट मिळाली. परवाना देतानाही ऐपत आणि प्रतिष्ठा पाहिली जाई. गावकुसाबाहेरच्या माणसाजवळ यांपैकी काय होते? त्याआधी सात वर्षे, १८७१ साली, जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा झाला होता. फासे आणि जाळी घेऊन रानावर जगणारे पारधीही पुढे त्याच्या तडाख्यात सापडले. साहेब रानात शिरला तर तो शिकारी आणि पारधी शिरला तर तो गुन्हेगार, असा हा न्याय होता. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

आता १९०७ सालच्या चंपावतकडे वळू. तिथल्या नरभक्षक वाघिणीने ४३६ माणसे मारल्याचे सांगितले जाते. तिच्यासाठी कॉर्बेट यांनी जो हाका घातला त्यात २९८ गावकरी होते. ते आपल्या बायकापोरांच्या जिवासाठी आले होते, ही गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कॉर्बेट यांनी स्वतःच एक मासलेवाईक हकिकत दिली आहे. तहसीलदाराने जाहीर केले की, विनापरवाना बंदुकांकडे आपण काणाडोळा करू, लागल्यास दारूगोळाही देऊ. त्याबरोबर अशी जुनीपुराणी हत्यारे बाहेर आली की त्यांचे संग्रहालय भरले असते! म्हणजे या लोकांनाही आपल्या बंदुका प्यारच होत्या. पण ते प्रेम त्यांना कायद्याच्या धाकाने छपरात किंवा भुईत दडवून ठेवावे लागत होते. सरकारला गरज पडली त्या एका दिवसापुरते ते कायदेशीर ठरले.

कॉर्बेट यांनी त्या दिवशी .५०० ची रायफल आणि तीनच काडतुसे बरोबर घेतली होती. ती संपली तेव्हा वाघिणीवरचा शेवटचा बार त्यांनी तहसीलदाराच्या खिळखिळ्या बंदुकीने काढला. परंतु या पराक्रमाबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना नवीकोरी .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे. त्या पट्टीवर देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, गावाचे आणि सालाचेही आहे. हाकेकऱ्यांची २९८ नावे मात्र कुठल्याच पट्टीवर नाहीत.

काडतुसांच्या नावांतही राजकारण आहे. कॉर्बेट यांचे आवडते .२७५ म्हणजे मूळचे जर्मन ७ मिलिमीटर माउझर. १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअर लोकांनी हेच काडतूस वापरून इंग्रज सैन्याला जेरीस आणले होते. पुढे इंग्रज कारखानदाराने त्यालाच इंग्रजी मापाचे नाव दिले आणि शत्रूचे काडतूस साहेबाचे लाडके झाले. स्कॉटिश शिकारी बेल याने आफ्रिकेत शेकडो हत्ती याच हलक्या काडतुसाने मारले आणि जड गोळीवाल्यांची तोंडे बंद केली. दुसरीकडे जड गोळीचे शौकीन .४६५ आणि .४७० यांचे गोडवे गात. पण ही मापे आली कोठून? हिंदुस्थान आणि सुदानमध्ये बंडखोरांच्या हाती जुन्या .४५० मार्टिनी-हेन्री रायफली होत्या. त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून सरकारने १९०७ च्या सुमारास या दोन्ही देशांत .४५० मापावर बंदी घातली. तेव्हा कारखानदारांनी त्याहून किंचित मोठी मापे काढली. शिकाऱ्याला जी आपली खास आवड वाटली, ती सत्ताधाऱ्यांच्या भीतीतून जन्मली होती.

आणि ज्याच्या हाती सरकारनेच बंदूक दिली, त्या महार सैनिकाचे काय? मुंबई फौजेत महारांनी पिढ्यान् पिढ्या चाकरी केली. १८१८ सालच्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आजही उभा आहे. त्यावर कोरलेल्या मृतांच्या नावांत २२ नावांना ‘नाक’ हा प्रत्यय आहे. परंतु पुढे ‘लढाऊ जाती’चे खूळ माजले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. १९१७ साली युद्धाच्या गरजेपोटी १११ महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. चंपावतचाच प्रकार! अखेर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांना यश येऊन १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ साली ती मशिनगन रेजिमेंट झाली. तिच्या बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशिनगना आणि कोरेगावचा स्तंभ होता. स्तंभाच्या जागी पुढे कट्यार आली.

बंदुकीवरचे हेही प्रेमच आहे, पण त्याची जात वेगळी आहे. शिकाऱ्याची बंदूक त्याच्या मालकीची होती, ती त्याने दिवाणखान्यात टांगली. महार शिपायाची बंदूक सरकारजमा होई आणि तो गावी परतला की पुन्हा वेसकराची काठी हाती येई. त्याने बंदूक मागितली ती वाघासाठी नव्हे. ती हाती असताना कोणी आपल्याला ‘दूर हो’ म्हणत नाही, हे त्याने अनुभवले होते.

कॉर्बेट यांची ती रायफल २०१६ साली भारतात आणली गेली आणि त्यांच्या कालाढुंगीच्या परिसरातील लोकांनी ती कौतुकाने पाहिली. वस्तू जपावी, याला आमची हरकत नाही. पण आपण काय जपले? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपवले. त्यापूर्वी विदर्भाच्या रानांत ढोल-डबे वाजवत बंदुकीपुढून चाललेली पोरे आज सत्तरीच्या घरात असतील. त्यांना किती मजुरी मिळाली, की मिळालीच नाही? जखमी जनावर अंगावर आले तेव्हा मचाण कोणाचे होते आणि जमीन कोणाची? वाचकांनी आपापल्या गावी जाऊन हे त्यांना विचारावे आणि नावानिशी लिहून काढावे. रायफलीचा क्रमांक कारखान्याच्या वहीत आजही सापडतो. हाकेकऱ्याचे नाव फक्त त्याच्या तोंडी आहे, आणि ते तोंड फार दिवस बोलणार नाही.