जाणिवेचे मूळ पुंजविश्वात?

शस्त्रक्रियेपूर्वी भूल दिली की काही क्षणांत रुग्णाची शुद्ध हरपते. हृदयाचे ठोके चालू असतात, मेंदूतील विद्युतव्यवहारही थांबलेले नसतात. नाहीशी होते ती जाणीव. १८४६ साली बोस्टन येथे ईथरची भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्याला पावणेदोनशे वर्षे उलटून गेली, तरीही भूल नेमकी जाणीवच कशी हिरावून घेते, याचा पुरता उलगडा झालेला नाही. जाणिवेचे मूळ पुंजभौतिकीत, म्हणजे क्वांटम सिद्धांताच्या सूक्ष्म विश्वात शोधणाऱ्या मतप्रवाहाचा एक धागा येथूनच निघतो.

दुसरा धागा गणिताचा आहे. अंकगणित सामावून घेणाऱ्या कोणत्याही सुसंगत नियमसंचात, सत्य असूनही त्या नियमांनी सिद्ध न होणारी विधाने असतातच, हे कुर्ट गोडेल यांनी १९३१ साली दाखवून दिले. अशा विधानांची सत्यता मानवी बुद्धीला मात्र उमगते. तेव्हा आकलन ही निव्वळ आकडेमोड नव्हे आणि ती संगणकाला साधणार नाही, असा निष्कर्ष ऑक्सफर्डचे रॉजर पेनरोज यांनी १९८९ साली ‘द एम्परर्स न्यू माइंड’ या ग्रंथात काढला. (पेनरोज यांना २०२० साली नोबेल मिळाले, ते कृष्णविवरांवरील कार्यासाठी, या सिद्धांतासाठी नव्हे.) माणसाची बुद्धी स्वतः तरी सुसंगत आहे हे कशाच्या आधारावर गृहीत धरायचे, असा तर्कशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे.

पुंजकण एकाच वेळी अनेक शक्य अवस्थांत असू शकतो. मोजमाप होताच त्यांतील एकच उरते. ही निवड गुरुत्वाकर्षणामुळे आपोआप घडते आणि गणनेपलीकडचे जे काही आहे ते तिच्यातच दडले आहे, असे पेनरोज मानतात. पण मेंदूत हे घडणार कोठे? ॲरिझोना विद्यापीठातील भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी जागा सुचविली ती चेतापेशींमधील सूक्ष्मनलिकांची. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या बनलेल्या या पोकळ नळ्यांचा व्यास अवघा २५ नॅनोमीटर. पेशीला आकार देणे, द्रव्यांची ने-आण करणे, पेशीविभाजनात गुणसूत्रे विलग करणे ही त्यांची ज्ञात कामे होत. भूलद्रव्ये ट्युब्युलिनलाही चिकटतात, हा हॅमरॉफ यांचा आधार. मात्र सूक्ष्मनलिका यकृतात असतात, वनस्पतींतही असतात. मग जाणीव ही मेंदूचीच मक्तेदारी का? चेतापेशींत त्यांची रचना वेगळी असते, हे उत्तर दिले जाते. ते पुरेसे वाटत नाही.

खरा घाव २००० साली बसला. पुंजावस्था अतिशय नाजूक असतात; भोवतालच्या रेणूंचा धक्का लागताच त्या मोडतात. म्हणूनच बहुतेक क्वांटम संगणक निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड ठेवावे लागतात. मेंदू तर ३७ अंश सेल्सियसचा आणि पाण्याने भरलेला. सूक्ष्मनलिकांतील अशी अवस्था सेकंदाच्या दहा हजार अब्जांश भागातच विरून जाईल, असे गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी मांडले. चेतापेशींच्या संदेशांना लागतो तो मिलिसेकंदांचा अवधी. म्हणजे तफावत सुमारे एक हजार कोटी पटींची! हॅमरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली गृहीतके बदलून हा काळ सेकंदाच्या एक लक्षांशापासून दहा हजारांशापर्यंत वाढवून दाखविला. तरीही त्यांच्या सिद्धांताला अपेक्षित असलेल्या २५ मिलिसेकंदांपासून तो दूरच राहिला. पुढे इटलीतील ग्रान सासो पर्वताखालील प्रयोगशाळेत गुरुत्वाकर्षणजन्य निवडीतून निघू शकणाऱ्या किरणांचा शोध घेण्यात आला. ते न आढळल्याने या कल्पनेचे सर्वांत साधे रूप २०२० साली बाद ठरले. आपल्या प्रारूपात असे किरण अपेक्षितच नाहीत, असे पेनरोज यांचे म्हणणे आहे.

तरीही सिद्धांत मोडीत निघालेला नाही, याचे कारण पुन्हा भूलच. झेनॉन वायूने भूल येते. त्याची समस्थानिके रासायनिकदृष्ट्या जवळपास एकसारखी, फरक अणुकेंद्रात. काहींच्या केंद्रकाला परिवलन, म्हणजे ‘स्पिन’ हा पुंजगुण असतो, काहींच्या नसतो. चीनमधील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा स्पिन असलेल्या झेनॉनची भूल सौम्य ठरली. अमेरिकेतील वेलस्ली कॉलेजमध्ये २०२४ साली उंदरांना सूक्ष्मनलिका बळकट करणारे औषध देऊन आयसोफ्लुरेनची भूल देण्यात आली. त्यांची उताणे ठेवल्यावर पालथे होण्याची प्रतिक्षिप्त क्रिया सरासरी मिनिटभर उशिरा थांबली. भुलेत सूक्ष्मनलिकांचा वाटा असावा, एवढेच यातून दिसते. नळ्यांच्या नेहमीच्या ने-आणीतील बदलानेही हा परिणाम घडू शकेल; त्यासाठी पुंजभौतिकीची गरज नाही. म्हणूनच झेनॉनचा प्रयोग इतर प्रयोगशाळांनी, अन्य प्राण्यांवर आणि मोठ्या संख्येने पुन्हा करून पाहणे, ही या वादातील पुढची पायरी होय.