मजल, विसावा आणि मुक्काम: नगर जिल्ह्यातील प्रवाशांच्या थांब्यांचा इतिहास

एका विमानातून उतरून दुसरे सुटेपर्यंत परक्या शहरात अर्धा दिवस काढावा लागणे, हा आजच्या प्रवासातला नवा प्रसंग मानला जातो. वाटेत मोकळा पडलेला वेळ कसा घालवावा हा प्रश्न मात्र फार जुना असून, पायी, बैलगाडीने किंवा घोड्यावरून जाणाऱ्या माणसापुढे तो रोजच उभा राहत असे. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे 2024 साली नाव बदलून झालेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, या प्रश्नाचा इतिहास विशेष स्पष्टपणे वाचता येतो, कारण पुण्याहून औरंगाबादकडे, मनमाड-मालेगावकडे आणि सोलापूरकडे जाणाऱ्या वाटा येथे एकमेकींना मिळतात आणि जिल्ह्याच्या मुख्य शहराचा जन्मच वाटेवरच्या सोयीतून झाला आहे.

जुन्या प्रवासाचे मोजमाप तासांत होत नसे. एका दिवसात माणसाला किंवा जनावराला जेवढी वाट चालवेल तेवढी मजल, दुपारच्या उन्हात घेतलेला विसावा आणि रात्रीचा मुक्काम, अशी त्याची अंगे होती. त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी आजही या पद्धतीने बेलापूर, राहुरी, डोंगरगण, नगर आणि मिरजगाव या मार्गाने जिल्हा ओलांडते. पालखीच्या थांब्यावर वारकरी स्वस्थ पडून राहत नाहीत. स्नान, भोजन, हरिपाठ आणि कीर्तन यांनी तो वेळ भरलेला असतो, गावकरी पाण्याची व अन्नाची सोय करतात, आणि मुक्काम हा चालण्याइतकाच वारीचा भाग ठरतो.

शहराची स्थापना करणारा मलिक अहमद हा बहमनी राज्यातून फुटून निघालेला सरदार होता. 1490 मध्ये त्याने भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला, त्या जागी बाग लावली आणि 1494 मध्ये सीना नदीच्या डाव्या तीरावर नगर वसवण्यास आरंभ केला. त्याची सत्ता जुन्नरला होती आणि डोळा दौलताबादच्या किल्ल्यावर होता. या दोहोंच्या साधारण मध्यावर असलेली जागा फौजेच्या तळाला सोयीची असल्यामुळे त्याने ती निवडली. दौलताबाद 1499 मध्ये त्याच्या हाती आले, पण तळाची जागा राजधानी म्हणून टिकली.

तळ टिकतो तो पाण्यावर, आणि नगरचा प्रदेश कमी पावसाचा आहे. मलिक अहमदने स्थापलेल्या निजामशाहीने कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार अशा भोवतालच्या गावांकडून खापरी नळांनी, म्हणजे भाजलेल्या मातीच्या जमिनीखालून नेलेल्या नळांनी, उताराचा फायदा घेऊन शहरात पाणी आणले आणि त्या पाण्यावर हौद, कारंजी व बागा उभ्या राहिल्या. 1583 मध्ये पूर्ण झालेला फराहबागेचा महाल हे या विचाराचे सर्वांत सुंदर उदाहरण होय. विस्तीर्ण तलावाच्या मधोमध उंच घुमटाखालचे दालन, चारी बाजूंनी पाणी आणि आत जाण्यासाठी बांधलेली वाट, अशी ही रचना दख्खनच्या उन्हाळ्यात थंडावा देण्यासाठी केलेली होती. ती राजघराण्याच्या विश्रांतीसाठी होती, वाटसरूंसाठी नव्हती, हे खरे; तरीही पाणी आणि सावली एकत्र आणली की थांबणे सुखाचे होते, हे स्थापत्यज्ञान या शहराला इतक्या लवकर साधले होते, याचा अभिमान बाळगावा असेच ते काम आहे. सर्वच मुक्काम सुखाचे नव्हते. मोगल बादशहा औरंगजेब 1706 च्या आरंभी भिंगारच्या छावणीत येऊन थांबला आणि 3 मार्च 1707 रोजी तेथेच मरण पावला.

सामान्य प्रवाशाच्या थांब्याचा विचार राज्यकर्तव्य म्हणून ज्यांनी सर्वांत व्यापकपणे केला, त्या अहिल्यादेवी होळकर याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी येथे 1725 मध्ये जन्मल्या. काशी, गया, सोमनाथ अशा तीर्थांवर त्यांनी मंदिरे बांधली, हे सर्वांना ठाऊक असते. त्या मंदिरांकडे जाणाऱ्या वाटांवर त्यांनी उभारलेल्या धर्मशाळा, विहिरी, घाट आणि अन्नछत्रे यांचे महत्त्व मात्र पुरेसे ओळखले जात नाही. धर्मशाळा म्हणजे मोफत निवाऱ्याची जागा. तेथे ओवरीत पथारी टाकता येई, आवारात चूल मांडता येई, आणि विहीर किंवा नदी जवळ असल्याने आंघोळ, धुणे व जनावरांचे पाणी उरकता येई. गोदावरीकाठच्या पुणतांब्याला, जेथे संत चांगदेवांची समाधी आहे, अहिल्यादेवींचा घाट आहे. अशा घाटावर प्रवाशाचा वाया जाणारा वेळच स्नानाचा, दर्शनाचा आणि पुढच्या वाटेची बातमी मिळवण्याचा वेळ होत असे.

1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि ही व्यवस्था मोडू लागली. पुण्याकडून दक्षिणेस जाणारा आणि मुंबईहून उत्तरेस जाणारा, असे दोन मोठे मार्ग या फाट्याने जोडले गेले. कित्येक मजलांची वाट काही तासांवर आली, मात्र थांब्याची जागा गावातून उठून जंक्शनवर, म्हणजे मार्ग जेथे मिळतात त्या स्थानकावर, गेली. दौंड किंवा मनमाड येथे पुढच्या गाडीची वाट पाहणारा प्रवासी मुसाफिरखान्यात सामानावर डोके टेकून बसू लागला, आणि गाव फलाटापलीकडे राहिले. मनमाडचा गुरुद्वारा याला सन्मान्य अपवाद आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जाणाऱ्या यात्रेकरूंना तेथील लंगरात आजही जेवण मिळते.

याच लोहमार्गाने शिर्डीचा इतिहास घडवला. साईबाबांच्या दर्शनासाठी येणारे लोक कोपरगाव स्थानकावर उतरत, गोदावरी ओलांडत आणि टांग्याने शिर्डी गाठत. शिर्डी तेव्हा लहान खेडे होते आणि तेथे राहण्याची सोय नव्हती. ती उणीव भक्तांनीच भरून काढली. हरी विनायक साठे यांनी 1908 मध्ये वाडा बांधला, मुंबईचे वकील हरी सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित यांचा वाडा 1911 मध्ये उभा राहिला, आणि पुढे नागपूरचे गोपाळराव बुट्टी यांनी मोठा दगडी वाडा बांधला. या वाड्यांमध्ये पोथीवाचन, चर्चा आणि सहभोजन चालत असे, त्यामुळे आरतीच्या दोन वेळांमधला रिकामा काळ रिकामा राहत नसे. 15 ऑक्टोबर 1918 रोजी साईबाबांनी देह ठेवल्यावर त्यांची समाधी बुट्टींच्या वाड्यातच झाली. आजचे समाधी मंदिर म्हणजे मुळात हा वाडा होय.

1 ऑक्टोबर 2017 रोजी काकडी येथे शिर्डीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि मजल आणखी आखडली. आता सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा भाविक दर्शनाच्या रांगेतून थेट विमानतळावर जातो, आणि परतीच्या विमानापर्यंत उरलेले चार-पाच तास खुर्चीवर बसून काढतो. वास्तविक पुणतांब्याचा घाट आणि कोपरगावचा पेशव्यांच्या घराण्यातील राघोबादादांचा वाडा या वेळात सहज पाहून होतात. पूर्ण दिवस हाती असणाऱ्याला नेवाशाचा पैस खांब, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे, किंवा नगरचा किल्ला, फराहबाग, शहा डोंगरावरील निजामशाहीतील मंत्री सलाबतखानाची कबर आणि लष्कराचे रणगाडा संग्रहालय पाहता येते. ही स्थळे जवळ आहेत, पण त्यांच्याकडे नेणारी व्यवस्था नाही, आणि हा दोष प्रवाशाचा मानता येणार नाही. ज्या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचे नाव आहे, त्याने वाटसरूच्या वेळेची जबाबदारी पुन्हा आपल्याकडे घ्यावी, आणि सामान ठेवण्याची सोय, ठरलेल्या वेळेला सुटणारी बस, घाटावर पिण्याचे पाणी व स्थळांवर मराठीतील माहितीफलक एवढ्या चार गोष्टींपासून आरंभ करावा.