स्वनातीत पंखावरची शांत हवा

नळ थोडासा उघडला तर पाण्याची धार काचेसारखी नितळ पडते. जास्त उघडला की ती विस्कटते. पहिला तो स्तरीय प्रवाह, दुसरा संक्षुब्ध. मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचनळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून हा फरक स्पष्टपणे दाखवून दिला.

विमानाच्या पंखालगतचा हवेचा पातळ थर घर्षणाने मंदावतो. १९०४ मध्ये लुडविग प्रांट्ल यांनी मांडलेला हाच तो सीमास्तर. तो स्तरीय राहिला तर घर्षण कमी होते. संक्षुब्ध झाला तर ते पुष्कळ वाढते आणि त्याबरोबर इंधनाचा खर्चही. मग मंदावलेली हवा पंखातच शोषून घेतली तर? सीमास्तर पातळ होतो आणि त्यातील लहानशा लहरींना वाढायला वाव मिळत नाही. अमेरिकेच्या एक्स-२१ विमानाने १९६३ पासून पंखांतील बारीक फटींतून असे शोषण करून पाहिले, पण स्वनवेगापेक्षा कमी वेगाने. शिवाय धूळ व कीटक यांचाही उपद्रव होताच.

स्वनातीत विमानांचे पंख मागे झुकलेले असतात. त्यामुळे सीमास्तरातील हवा आडवीही सरकते आणि पुढच्या कडेपाशीच संक्षोभ सुरू होतो. हे आव्हान नासाने एफ-१६ एक्सएल विमानावर स्वीकारले. डाव्या पंखावर टायटॅनियमचे आवरण चढवून त्यात लेसरने एक कोटीहून अधिक सूक्ष्म छिद्रे पाडली. इंजिनाच्या हवाद्वारापासून निघणारे आघात-तरंग पंखाच्या कडेवर आदळू नयेत म्हणून खालच्या बाजूस आडोसाही बसवला. ऑक्टोबर १९९५ ते नोव्हेंबर १९९६ या काळात ४५ उड्डाणे झाली. स्वनवेगाच्या सुमारे दुप्पट वेगाने जातानाही पंखाच्या रुंदीच्या सुमारे ४६ टक्के भागापर्यंत प्रवाह स्तरीय राहिला. उद्दिष्ट ५० ते ६० टक्क्यांचे होते.

म्हणजे निसर्गनियमाची आडकाठी नव्हती. उरला तो हिशेबाचा प्रश्न. घर्षणात वाचलेले इंधन शोषणयंत्रणा चालवण्यात आणि तिचे वजन वाहण्यातच खर्ची पडले, तर हाती काय लागणार? छिद्रे स्वच्छ कोण ठेवणार? कॉन्कॉर्ड विमाने २००३ मध्ये अशा यंत्रणेविनाच निवृत्त झाली. प्रयोग यशस्वी होणे आणि तो उपयोगी ठरणे यांतले अंतर विद्यार्थ्यांना समजावून देताना, आपल्याला या पंखाचे उदाहरण खुशाल घेता येईल.