शिरस्त्राण-वायुवीजन (घरगुती)

बंदिस्त मोटारीतून शर्यत करणाऱ्या चालकाच्या शिरस्त्राणात, म्हणजे व्यवहारातील हेल्मेटात, मोटारीबाहेरची ताजी हवा नळीवाटे अखंड पोहोचविण्यासाठी बाजारी साहित्यातून स्वतः जुळविलेली तजवीज.

तत्त्व : एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता त्याबरोबर निघून जाते, परंतु बंद हेल्मेटातील कोंडलेली हवा श्वासाच्या बाष्पाने लवकरच संपृक्त होते आणि मग घाम नुसता निथळत राहतो. ती हवा सतत पालटणे एवढेच या साधनाचे कार्य होय.

गुलबर्ग्याचे हवामान : घाम वाळणे हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते; उदाहरणार्थ, कर्नाटकातील या शहरात वैशाखात पारा ४२ अंशांपलीकडे चढतो, पण हवा कोरडी असते. दारांवर वाळ्याचे पडदे सोडून ते शिंपीत राहण्याचा जुना दस्तूर याच कोरडेपणावर उभा होता, आणि आजच्या कूलरची गवती जाळीही त्याच आधारावर चालते. साहजिकच नळीच्या तोंडाशी ओला वाळा बसवावा असे वाटते. परंतु तो अनाठायी ठरतो, कारण घामाने भिजलेले मस्तक हाच येथे वाळ्याचा पडदा असून, आधीच दमट केलेली हवा त्यावरून गेल्याने गारवा फारसा वाढत नाही, उलट डोळ्यांपुढील काचेवर धुके मात्र साचू शकते. गारवा वाढवायचाच असल्यास हवेची नळी बर्फाच्या पेटीतून वेटोळ्याने फिरवावी. त्यामुळे हवा थंड होते, पण तिच्यात पाणी मिसळत नाही.

रचना : नौकेच्या तळातील पेट्रोलची वाफ बाहेर काढण्यासाठी वापरला जाणारा १२ व्होल्टचा फुंकणी-पंखा, त्याच्या आधी धूळगाळणी, पुढे सुमारे सव्वा इंच व्यासाची लवचीक नळी आणि शेवटी हेल्मेटाच्या माथ्यावरील वा बाजूवरील कारखान्यातच बसविलेले हवामुख, असा क्रम असतो. शहाबाद-वाडीकडील फरशीची व सिमेंटची बारीक पूड गाळणीत त्वरित बसते आणि पंखा फिरत असूनही हवा मंदावते, म्हणून गाळणी सहज निघेल अशी ठेवावी. नळीचा सांधा झटक्यासरशी सुटणारा हवा. अपघातसमयी चालकास तीच दोरखंड होता कामा नये.

धोके : हवा कोठून घ्यावी, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. धूळगाळणी कार्बन मोनॉक्साइड अडवीत नाही. तो वायू वर्णगंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक आसक्तीने चिकटतो. अमेरिकन शर्यतपटू रिक मास्ट याची कारकीर्द २००२ च्या सुमारास याच विषबाधेने संपली. यास्तव हवेचे तोंड मोटारीच्या आत वा धुराड्याजवळ न ठेवता बाहेर, उंच व पुढे ठेवावे. हेल्मेटास स्वतः भोक पाडणे वर्ज्य. तसे केल्यास त्याची सुरक्षा-मान्यता रद्द होते आणि शर्यतीपूर्वीच्या तपासणीत ते नामंजूर होते.

अन्य प्रकार : २०२४ च्या उन्हाळ्यात वडोदऱ्याच्या वाहतूक पोलिसांना दिलेली, विजेरीवर चालणारी थंड हेल्मेटे निराळ्या जातीची; ती उघड्या चौकात वापरावयाची असल्याने त्यांना मोटारीबाहेरून हवा आणणाऱ्या नळीची गरज नसते.

मर्यादा : हे साधन घाम थांबवीत नाही, तो लौकर वाळविते. कोरडे कपाळ पाहून तहान नाही असे मानणाऱ्या चालकाच्या शरीरातील पाणी नकळत घटत जाते. म्हणून पंखा चालू असतानाही पाणी पिण्याचा नेम मोडू नये.